हबशी गुलाम ते निजामशाहीचा कर्ता पुरुष : मलिक अंबर

वेरूळची लेणी पाहावयास निघालेली आपल्या विद्यालयाची सहल दौलताबादचा किल्ला मागे टाकून घाट चढते आणि खुलताबाद गावातून पुढे जाते. वेळ उरला तर मुलांना औरंगजेबाची कबर दाखविली जाते. त्याच गावात एक घुमटाचा दगडी मकबरा उभा आहे, त्यापाशी मात्र सहसा कोणाची बस थांबत नाही. इतिहास हा विषय शिकवीत असूनही आम्ही स्वतः कित्येक वर्षे तेथे थांबलो नव्हतो, हे येथे कबूल केले पाहिजे. त्या मकबऱ्यात जो पुरुष चिरनिद्रा घेत आहे तो या देशात जन्मला नव्हता. त्याची मातृभाषा येथे कोणाला समजत नव्हती. लहानपणी बाजारात त्याची विक्री झाली होती. आणि तरीही आयुष्याची अखेरची पंचवीस वर्षे त्याने मोगल बादशाहीला दक्षिणेच्या दारात रोखून धरले. मलिक अंबर हे त्याचे नाव.

क्रमिक पुस्तकांत त्याच्या वाट्याला एकदोन ओळी येतात. गनिमी काव्याने लढणारा निजामशाहीचा वजीर एवढीच त्याची ओळख विद्यार्थ्यांच्या लक्षात राहते, आणि तीही परीक्षेपुरती. या स्मरणिकेसाठी आम्ही त्याचेच चरित्र निवडले, त्याचे कारण निराळे आहे. आपल्या वसतिगृहात पत्र्याची पेटी घेऊन आलेला प्रत्येक मुलगा कोठून तरी तुटून आलेला असतो. त्याला गावाने एक ओळख चिकटविलेली असते आणि ती पुसून नवी ओळख मिळविण्यासाठी आईवडिलांनी त्याला येथे धाडलेले असते. आपले माजी विद्यार्थी आज पुण्यामुंबईत आणि परदेशातही मानाच्या जागी आहेत. परक्या ठिकाणी जाऊन वर चढणे, तेथल्या लोकांनी आपल्याला आपले म्हणणे, आणि इतके होऊनही जन्माचा शिक्का पाठ सोडतो की नाही, हे प्रश्न त्यांच्या ओळखीचे आहेत. मलिक अंबरच्या आयुष्यात हे तिन्ही प्रश्न फार मोठ्या अक्षरांत लिहिलेले दिसतात.

त्याचा जन्म इ.स. १५४८ च्या सुमारास आफ्रिकेतील इथिओपियाच्या दक्षिण भागात, कंबाटा प्रदेशात झाला. आईबापांनी ठेवलेले नाव चापू. त्या प्रदेशातून माणसे पकडून किनाऱ्यावर नेण्याचा आणि तेथून अरबस्तानात विकण्याचा व्यापार शतकानुशतके चालत आलेला होता. काही मुले लढाईत वा छाप्यात पकडली जात. काहींना दुष्काळात अन्नाला महाग झालेले आईबापच विकत. चापू यांपैकी कोणत्या वाटेने गेला, ते कोणी नोंदविलेले नाही. या व्यापाराची एक बाजू आपण विसरता कामा नये. इथिओपियातून बाहेर जाणारे सोने, हस्तिदंत आणि गुलाम यांच्या मोबदल्यात तेथे जो माल जाई त्यात हिंदुस्थानचे सुती कापड महत्त्वाचे होते. आपल्या देशातील विणकरांच्या घामाची किंमत तिकडे अशा रीतीने माणसांत मोजली जात होती.

तांबड्या समुद्रावरील मोखा बंदरात चापूची विक्री झाली. एका युरोपीय वृत्तांतानुसार किंमत होती ८० डच गिल्डर. पुढे तो बगदादच्या मीर कासीम नावाच्या व्यापाऱ्याकडे आला. मुलगा हुशार आहे हे मालकाने ओळखले, त्याला लिहिणेवाचणे व हिशेब शिकविले, इस्लामची दीक्षा दिली आणि त्याचे नाव अंबर असे ठेवले.

अंबर म्हणजे समुद्रात सापडणारा एक मौल्यवान सुगंधी पदार्थ. त्या काळी गुलामांची नावे अशीच असत : याकूत म्हणजे माणिक, जौहर म्हणजे रत्न, काफूर म्हणजे कापूर. नाव कानाला गोड, पण ते वस्तूचे नाव. बापाचे नाव नाही, कुळाचे नाही, गावाचे नाही. ज्याला विकत घ्यायचे त्याला मागचे काहीच उरू द्यायचे नाही, असा त्यामागचा हिशेब असावा. नावाचे हे राजकारण आपल्या समाजाला समजावून सांगण्याची गरज नाही. शूद्राचे नाव तिरस्कार दाखविणारे असावे, असे मनुस्मृतीने सांगून ठेवले आणि आपल्या आजोबापणजोबांची नावे त्याच मापाने ठेवली गेली. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या हजेरीपटावर सिद्धार्थ, राहुल, मिलिंद, सुजाता, यशोधरा ही नावे आली. ती नावे आपल्या आईबापांनी निवडली होती. अंबरला ती मुभा नव्हती. मालकाने दिलेल्या नावालाच त्याने मोठेपण मिळवून दिले.

इ.स. १५७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अंबर दख्खनमध्ये आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. हा चंगीझखान स्वतः हबशी होता आणि एके काळी गुलाम होता. त्याच्या पदरी असे सुमारे एक हजार हबशी गुलाम होते. हे ऐकून आजचा वाचक गोंधळतो. गुलाम तो पेशवा कसा होईल ? याचे उत्तर दख्खनच्या सुलतानांनी पोसलेल्या लष्करी गुलामगिरीच्या रचनेत आहे. अमेरिकेतील कापसाच्या मळ्यांवरील गुलामगिरीपेक्षा ती फार निराळी होती. येथे गुलाम विकत घेतला जाई तो शेत कसण्यासाठी नव्हे, तर तलवार चालविण्यासाठी आणि कारभार पाहण्यासाठी. स्थानिक सरदारांना भाऊबंद असतात, वतने असतात, सोयरिकी असतात, म्हणून सुलतानाला त्यांचा भरवसा वाटत नसे. दूर देशातून आणलेल्या मुलाला मालकावाचून कोणीच नसे, म्हणून त्याच्यावर विश्वास टाकला जाई. मालकाच्या मृत्यूनंतर तो बहुधा मुक्त होई. त्याची मुले स्वतंत्र म्हणून जन्मत आणि दोनतीन पिढ्यांत इथल्या समाजात मिसळून जात. निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याचा बापही, फरिश्ता या इतिहासकाराच्या म्हणण्याप्रमाणे, विजयनगरकडून पकडून आणलेला ब्राह्मणाचा मुलगा होता. त्या राज्याचा पायाच एका बंदिवानाच्या वंशाने घातला होता.

येथे परमपूज्य बाबासाहेबांनी गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची जी तुलना केली आहे तिचे स्मरण होते. प्राचीन रोममधील गुलामांची उदाहरणे देऊन त्यांनी दाखविले की कायद्याने गुलाम हा माणूस नसला, तरी समाज त्याला शिकू देत होता, कसब मिळवू देत होता, मालकाच्या घरात वावरू देत होता. अस्पृश्य मात्र कायद्याने स्वतंत्र असून त्याला विद्या, धंदा आणि सहवास या तिन्ही गोष्टी नाकारल्या गेल्या. गुलामगिरी बरी होती असे बाबासाहेबांना म्हणावयाचे नव्हते, आम्हालाही नाही. एका लहान मुलाला आईपासून तोडून विकणे याला कोणतेही समर्थन नाही. परंतु बगदादच्या व्यापाऱ्याने विकत घेतलेल्या पोराला अक्षर शिकविले, आणि त्याच काळात ज्या गावांच्या शिवेत निजामशाही नांदत होती तेथल्या महारवाड्यातील पोराला अक्षराच्या जवळही फिरकू दिले जात नव्हते, ही वस्तुस्थिती नजरेआड करता येत नाही. अंबर वर चढला तो ज्या शिडीवरून, ती शिडी विकत घेतलेल्या परक्यासाठी होती. गावात जन्मलेल्या अस्पृश्यासाठी नव्हती.

चंगीझखानाने वऱ्हाड जिंकून निजामशाहीला जोडले, आणि थोड्याच काळात सुलतानाच्या संशयाला तो बळी पडला. त्याच्या पाठीमागे त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले. वयाच्या पंचविशी-सव्विशीत तो प्रथमच स्वतःचा मालक झाला. मुक्त झाला म्हणजे निराधारही झाला. पुढची सुमारे वीस वर्षे तो भाडोत्री शिपाईगिरी करीत गोवळकोंडा आणि विजापूर या दरबारांच्या चाकरीत फिरला. विजापुरात त्याला मलिक हा किताब मिळाला. त्याने करीमा नावाच्या स्त्रीशी विवाह केला. हळूहळू स्वतःची छोटी पथके जमविली आणि १५९५ मध्ये सुमारे दीडशे स्वार घेऊन तो अहमदनगरच्या राज्यात परतला. तेव्हा त्याचे वय सत्तेचाळीसच्या घरात होते. आपल्याकडे या वयात नोकरदार माणूस निवृत्तीचा हिशेब मांडू लागतो. अंबरचे खरे आयुष्य तेथून सुरू झाले.

ती वेळ निजामशाहीच्या अंतकाळाची होती. अकबराच्या फौजांनी अहमदनगरला वेढा दिला होता, चांदबिबीने पहिला हल्ला परतवला, परंतु १६०० साली ती मारली गेली आणि किल्ला पडला. सुलतान मोगलांच्या कैदेत गेला. राजधानी गेली, राजा गेला, तरी राज्य गेले असे अंबरने मानले नाही. त्याने निजामशाही घराण्यातील एक तरुण शोधून काढला, परांड्याच्या किल्ल्यात मुर्तजा निजामशाह या नावाने त्याला गादीवर बसविले आणि आपली मुलगी त्याला दिली. मियाँ राजू या प्रतिस्पर्धी सरदाराशी काही वर्षे झगडून त्याने त्याला नमविले. राजधानी परांड्याहून जुन्नरला व पुढे दौलताबाद-खडकीच्या परिसरात आणली. १६१० मध्ये अहमदनगरचा किल्लाही काही काळ परत जिंकून घेतला. लढायांची सगळी जंत्री येथे देत नाही. हार अनेकदा झाली. १६०२ साली नांदेडजवळ तो जखमी झाला, १६१६ साली मोगलांनी खडकी जाळली, १६१७ व १६२१ मध्ये शाहजादा खुर्रमपुढे त्याला माघार घ्यावी लागली. प्रत्येक वेळी तह मोडायला त्याला फार उशीर लागला नाही.

हे त्याला कशाच्या बळावर साधले ? त्यासाठी दख्खनच्या दरबारांतील एक जुने भांडण समजून घ्यावे लागेल. बहमनी काळापासून येथे दोन तट होते. इराण, तुर्कस्तान, अरबस्तान येथून आलेले ते आफाकी. येथे मुरलेले ते दख्खनी. आफाकी मंडळी स्वेच्छेने, नशीब काढण्यासाठी येत. त्यांच्यापाशी घराण्याचा अभिमान होता, फारसी भाषेची प्रतिष्ठा होती, मायदेशाशी संबंध होते, आणि गोरा वर्ण ही त्यांच्या दृष्टीने एक सनदच होती. हबशी हेही समुद्रापलीकडून आलेले, म्हणजे जन्माने परकेच. परंतु ते दख्खनी तटात गेले. कारण उघड आहे : त्यांना परतीची वाट नव्हती. ज्याला माघारी जायला गाव नाही तो जेथे आहे तेथेच गाव वसवितो. हबशांनी येथली दख्खनी बोली उचलली, येथे लग्ने केली, येथल्या डोंगरदऱ्या पायाखाली घातल्या. आलेल्या दोन परक्यांपैकी जो प्रतिष्ठित होता तो परकाच राहिला आणि जो विकला गेला होता तो इथला झाला, ही इतिहासातील मोठी विलक्षण गोष्ट आहे.

अंबरने या आपलेपणाचे लष्करी बळ उभे केले. त्याच्या फौजेत हबशी होते, पण मोठा भरणा दख्खनच्या लोकांचा, विशेषतः मराठा स्वारांचा होता. हलक्या घोड्यांवर येऊन मोगलांची रसद तोडणे, रात्री छावणीवर पडणे, समोरासमोरची लढाई टाळणे आणि शत्रूला डोंगराळ मुलखात ओढून नेणे, या पद्धतीला मोगल बर्गीगिरी म्हणत. जाधवराव, भोसले अशी घराणी निजामशाहीच्या चाकरीतच वाढली. शहाजीराजे अंबरच्या कारकिर्दीतच रणात उतरले. शिवकाळात परमानंदाने रचलेल्या शिवभारत या संस्कृत काव्यात भातवडीच्या लढाईचे वर्णन आहे आणि तेथे अंबरचा उल्लेख आदराने आला आहे. पुढे निजामशाही बुडू लागली तेव्हा शहाजीराजांनी त्या घराण्यातील एक मूल पेमगडावर गादीवर बसवून त्याच्या नावे राज्य चालविण्याचा यत्न केला. हा धडा अंबरनेच घालून दिलेला होता.

येथवर वाचून कोणाला वाटेल की गुणांना वाव मिळाला, परका आपला झाला, सर्व यथास्थित झाले. तसे नाही. डच व्यापारी पीटर व्हॅन डेन ब्रुक १६१७ च्या सुमारास अंबरला भेटला होता. त्याने लिहून ठेवलेली एक हकिगत अशी की सुलतानाच्या जनानखान्यात त्याची थोरली इराणी बेगम आणि अंबरची कन्या यांचे भांडण झाले आणि त्यात बेगमेने अंबरच्या कन्येला गुलामाची पोर म्हणून हिणविले. तिच्या बापावरूनही नको ते बोलली. मुलीने हे बापाला कळविले. त्यानंतर १६१० साली सुलतान आणि त्याची ती बेगम यांचा विषप्रयोगाने अंत झाला आणि सुलतानाच्या लहान मुलाला गादीवर बसविण्यात आले. राजकारणाची कारणेही त्यामागे होती. सुलतान अंबरच्या हातातून निसटू पाहत होता. विषप्रयोगाचे हे कृत्य कोणत्याही अपमानाने क्षम्य ठरत नाही, आणि तथागतांचा धम्म मानणाऱ्या आम्हाला तर ते झाकून ठेवण्याचे काहीच कारण नाही. परंतु त्या भांडणातील शब्द विसरता येत नाहीत. ज्याने राज्य मोडता मोडता सावरले, राजा निवडला, त्या राजाला मुलगी दिली, त्याच्या मुलीला महालात ऐकावे लागले ते हेच, की तुझा बाप विकत घेतलेला होता. आपल्यापैकी किती जणांच्या शिकल्यासवरल्या मुलींनी कार्यालयांत आणि महाविद्यालयांत याच जातीचा शब्द निराळ्या वेषात ऐकला असेल !

मोगल बादशहा जहांगीर याने तर आपल्या आत्मचरित्रात अंबरचा उल्लेख त्याच्या वर्णावरून शिव्या दिल्याखेरीज क्वचितच केला. अबुल हसन या त्याच्या दरबारी चितारीने १६१६ च्या सुमारास एक चित्र काढले. त्यात बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्यावर खोवलेल्या अंबरच्या शिरावर बाण सोडीत आहे. हे चित्र आज डब्लिनच्या संग्रहालयात आहे. प्रत्यक्षात असे काहीच घडले नाही. जहांगीराला अंबरचे शिर कधीही मिळाले नाही. ते मिळाले फक्त कागदावर.

लढवय्या म्हणून अंबरची कीर्ती झाली खरी, पण इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आम्हाला त्याची जमीनमहसुलाची व्यवस्था अधिक मोलाची वाटते. पूर्वी वसुलीचा मक्ता देण्याची रीत होती. मक्तेदार दरबारात ठरावीक रक्कम भरी आणि रयतेकडून मन मानेल तितके पिळून काढी. अंबरने ही मक्तेदारी मोडली. जमिनीची प्रतवारी लावून प्रत्यक्ष पिकाच्या मानाने हिस्सा ठरविला. तो प्रथम धान्यरूपाने घेतला जाई आणि काही हंगामांच्या अनुभवानंतर त्याचे रोख रकमेत रूपांतर केले गेले. पीक बुडाले तर सारा कमी होई. मिरासदारांचे हक्क मान्य केले, पाटील-कुलकर्ण्यांची व्यवस्था पुन्हा उभी केली. युद्धाने उजाड झालेला मुलूख लागवडीखाली आला. मलिकंबरी धारा म्हणून ही पद्धत पुढे दीर्घ काळ लोकांच्या बोलण्यात राहिली. पुढील राज्यकर्त्यांनीही तिचा आधार घेतला.

मात्र या व्यवस्थेने गाव जसा होता तसाच अधिक घट्ट केला. पाटलाचे वतन पक्के झाले, बलुते पक्के झाले, म्हणजे वेशीबाहेरच्यांचे वेशीबाहेर असणेही पक्के झाले. शिवेच्या वादात महाराची साक्ष प्रमाण मानली जाई. गावाच्या हद्दी त्याच्याइतक्या कोणालाच ठाऊक नसत. जमीन मोजायची तर त्याच्याशिवाय भागत नव्हते आणि जमीन वाटायची तेव्हा त्याच्या वाट्याला राबणुकीच्या बदल्यातला तुकडा येई. हे वतन म्हणजे आपल्या पायांतील बेडी आहे हे ओळखून बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या सुधारणेचे विधेयक आणले. अंबरकडून सतराव्या शतकात याची अपेक्षा करणे हा इतिहासावर अन्याय होईल. परंतु स्वतः गुलामीतून आलेल्या माणसाच्या हाती राज्य आले म्हणून तळच्या माणसाची गुलामी आपोआप संपत नाही, एवढी नोंद त्याच्या चरित्रातून करून ठेवणे आमचे कर्तव्य आहे.

अंबरचे दुसरे मोठे काम पाण्याचे. १६१० च्या सुमारास त्याने खडकी या खेड्याच्या जागी नवी राजधानी वसविली. पुढे त्याच्या मुलाने तिला फत्तेनगर म्हटले, औरंगजेबाने १६५३ नंतर औरंगाबाद केले, आज ती छत्रपती संभाजीनगर आहे. या नगराला मोठी नदी नाही. अंबरने हर्सूलकडील डोंगराच्या पायथ्यापासून जमिनीखालून पक्क्या बांधणीची नहर काढली. जागोजागी मनोरे आणि तपासणीची तोंडे ठेवली. केवळ उताराच्या बळावर पाणी शहराच्या भागाभागांत हौदांत खेळविले. नहर-ए-अंबरी या नावाने ती प्रसिद्ध आहे आणि विसाव्या शतकातही काही वस्त्यांना तिचे पाणी मिळत होते. ज्याच्या जन्मगावाची वाट त्याला पुन्हा कधी सापडली नाही त्याने परक्या मुलखातील माणसांना घरापाशी पाणी आणून दिले.

याच पाण्याचा विचार करताना दौलताबादची आठवण टाळता येत नाही. हा किल्ला अंबरच्या सत्तेचा कणा होता. १९३४ साली बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळच्या वाटेवर हा किल्ला पाहण्यास गेले. प्रवासात धुळीने माखलेली ती मंडळी दाराजवळच्या हौदावर हातपाय धुऊन आत निघाली, तोच अस्पृश्यांनी हौद बाटविला म्हणून ओरडा झाला आणि मुसलमान जमाव चालून आला. अखेर किल्ला पाहू दिला तो सोबत शस्त्रधारी शिपाई देऊन. आत कोठेही पाण्याला शिवू नये, ही अट होती. बाबासाहेबांनी ही हकिगत स्वतः लिहून ठेवली आहे. तीनशे वर्षांपूर्वी जेथे एका विकल्या गेलेल्या परक्याची आज्ञा चालत होती तेथेच, या भूमीच्या पुत्राला, परदेशांतील विद्यापीठांच्या पदव्या घेऊन आलेल्या विद्वानाला, पाण्याला हात लावण्याची मनाई झाली. परका सामावला गेला, घरचा नाही.

बाबासाहेबांनी या अपमानाचे उत्तर त्याच परिसरात दिले. पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय १९५० साली अंबरच्या शहरात सुरू झाले आणि नागसेनवनाने मराठवाड्यातील खेड्यापाड्यांच्या पोरांना शिडी लावली. ही शिडी कोणा एकासाठी नव्हती. मोगलांवरील विजयाच्या स्मरणार्थ अंबरने बांधलेला भडकल दरवाजा आजही उभा आहे, आणि त्याच्यापाशी बाबासाहेबांचा पुतळा आहे. १४ एप्रिलला तेथे निळ्या झेंड्यांचा सागर लोटतो. दरवाजा कोणी बांधला हे त्या गर्दीत थोड्यांनाच ठाऊक असते.

अंबरची अखेरची मोठी लढाई १६२४ सालची, अहमदनगरजवळच्या भातवडीची. एका बाजूला मोगल आणि विजापूरकर यांच्या एकवटलेल्या फौजा, दुसऱ्या बाजूला पंचाहत्तरी गाठलेला अंबर आणि त्याचे हबशी व मराठे सरदार. त्याने तलावाचे पाणी सोडून शत्रूच्या तळाची दैना केली, रसद तोडली आणि चिखलात अडकलेल्या फौजेवर तुटून पडला. विजापूरचा सेनापती मुल्ला मुहम्मद लारी मारला गेला. शहाजीराजांचे बंधू शरीफजी याच रणात पडले. दोन वर्षांनी, मे १६२६ मध्ये, अंबरला मृत्यू आला, तोही अंथरुणावर. जहांगीराच्या दरबारातील इतिहासकार मुतमदखान याने ही बातमी नोंदविताना शत्रू असूनही मान्य केले की युद्धात, कारभारात आणि विवेकात त्याला तोड नव्हती आणि एखादा हबशी गुलाम अशा पदाला पोहोचल्याचे दुसरे उदाहरण इतिहासात नाही. मुतमदखानाला हे कौतुक वाटले. आम्हाला त्यातले दुसरे वाक्य बोचते. दुसरे उदाहरण नसणे ही त्या एका माणसाची थोरवी असेल, पण ती त्या व्यवस्थेची कबुलीही आहे.

मुलगा फत्तेखान महालात वाढला, त्याला कोणी कधी विकले नाही. त्याने १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांच्या हवाली केला आणि त्यांचे वेतन स्वीकारले. तीन वर्षांत निजामशाही संपली. जंजिऱ्याच्या सिद्दींनी पुढे समुद्रावर आपले स्वतंत्र संस्थान टिकविले. परंतु सगळे हबशी दरबारात नव्हते. गोव्यात पोर्तुगीजांच्या घरी राबणारे अनेक आफ्रिकी गुलाम घाट चढून जंगलात पळाले. त्यांचे वंशज उत्तर कन्नड जिल्ह्यातील यल्लापूर-हल्याळच्या रानात आजही राहतात. कोकणी आणि कन्नड बोलतात, मजुरी करतात. कर्नाटकात त्यांची गणना अनुसूचित जमातींत झाली, तीही बऱ्याच उशिरा आणि मागणी केल्यावर.

यंदाच्या सहलीच्या वेळापत्रकात खुलताबादला पाऊण तास राखून ठेवावा, अशी विनंती आम्ही शिक्षक सभेत केली आहे आणि ती मान्य झाली आहे. मकबऱ्यापर्यंत थोडे चालावे लागते, उन्हाचे दिवस असतील तर मुलांनी सोबत पाणी घ्यावे. जवळच बीबी करीमाची कबरही आहे. तीही पाहावी.